चाळणीवरचे गोळे

सोमवार, ३ फेब्रुवारी

“खाली बसलंय ते बसू दे. ढवळू नकोस.”

बाबांचं हे वाक्य आज सकाळपासून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. कारखान्यातून आले की बाबा अंगावरचे कपडे मोरीतल्या एका वेगळ्या बादलीत टाकायचे. त्या बादलीला आईशिवाय कुणी हात लावायचा नाही. पाणी हळूहळू पिवळं व्हायचं आणि तासाभरानं वर नितळ, तळाशी पिवळा थर. मला तो रंग फार आवडायचा. एकदा काठी घालून मी ते सगळं ढवळलं. बाबा ओरडले नाहीत. माझ्या हातातली काठी काढून घेतली, हे वाक्य म्हणाले आणि काठी मोडून टाकली. काठी का मोडली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि आता माझं पोट ढवळण्यावरच चालतं!

आमचं काम नेमकं बाबांच्या कारखान्याच्या जागेवर आलंय, म्हणून आठवलं असेल. नळांना आणि दाराच्या कड्यांना चकचकीत मुलामा द्यायचा कारखाना. बंद पडून बावीस वर्षं झाली. इमारत पाडली, पण मुलाम्याचं पिवळं पाणी जमिनीत मुरलंय. ती माती उकरून दुसऱ्या कुणाच्या उशाशी नेऊन टाकायची नाही, जागच्या जागी बरी करायची, असं ठरलंय. मोठं गिरमिट सहा मीटर खोल जातं. जाताना आणि येताना मातीत सिमेंट आणि हिराकशीचं पातळ मिश्रण मिसळत राहतं. हिराकस विषाचे दात पाडते, सिमेंट त्याला जखडून ठेवतं. असे एकाला एक चिकटून मातीचे खांब, अठरा ओळी. आज नववी ओळ संपली.

खांब नीट झालेत की नाही हे तपासायचं काम माझं. शेवटच्या दाखल्यावर सहीही माझीच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संध्याकाळी चपला काढायच्या आत बाबांनी विचारलं, “आज कितवी ओळ?”

रोज विचारतात. शेवटी मी त्यांना एका पुठ्ठ्यावर नकाशा काढून दिला. फाटक, अठरा ओळी, कडेला पाण्याची जुनी टाकी. त्यांनी तो फ्रिजवर लावलाय आणि झालेल्या ओळी पेन्सिलीनं भरतात. आई गेल्यापासून त्यांनी कशात म्हणून लक्ष घातलं नव्हतं. दिवसभर घरातले नळ फडक्यानं पुसत बसायचं आणि बडबडायचं, “हा आमच्याकडचा नाही. आमचा मुलामा तीस वर्षं हलत नाही.” आता निदान माझ्या कामात त्यांना रस वाटतोय. बरं वाटलं.

धाकटीचा फोन आला. तिची शाळा वर्षभरात आमच्या त्या जागेवर जाणार आहे.

“ताई, माझ्या वर्गानं नव्या मैदानाची चित्रं काढलीत. एकानं नदी काढलीय मधोमध.”

“नदी नाही बसणार.”

“विचारून तर बघ तुझ्या साहेबांना. आणि बाबांना दे फोन.”

बाबा तिच्याशी दोन वाक्यं बोलले आणि फोन मला परत दिला. म्हणाले, “शाळेला दुसरी जागा मिळाली नाही का?”

“इतकी मोठी कुठे मिळणार, बाबा?”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बारावी ओळ. गिरमिट चालवणारे मामा आज रंगात होते. (त्यांना सगळेच मामा म्हणतात. साहेबसुद्धा.) ते त्या यंत्राला रवी म्हणतात, लोणी काढायची रवी.

ओल्या खांबात नळी उतरवून मी खालचा चिखल काढते. तो चाळणीवर घेते. मोठे गोळे राहतात ते बाजूला ट्रेमध्ये टाकते, आणि गाळलेला चिखल साच्यात भरते. सात दिवसांनी तो दगडासारखा झाला की दाबून फोडायचा, पाण्यात भिजवून किती विष सुटतं ते बघायचं. गोळे काढायचा नियमच आहे. लहान साच्यात मोठा गोळा आला की चाचणी बिघडते.

मामा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले.

“डॉक्टरीणबाई, तुमचं एक बरं आहे. रक्त घ्यायचं, आधी गुठळ्या काढून टाकायच्या आणि मग सांगायचं, पेशंट ठणठणीत!”

मी हसले. मामा हसले. साहेब तिथून चालले होते, तेही हसले. साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. हसले की शाळकरी दिसतात.

आज गोळे जरा जास्त होते. आधीच्या ओळींत मूठभर असायचे, आज ट्रे भरला.

बाबा जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही भाताला हात लावला नाही. पाणी पीत बसले. मग एकदम म्हणाले, “टाकीच्या मागं जाणार का रे तुम्ही लोक?”

“नाही. हद्द टाकीच्या अलीकडेच संपते. मागे काही सापडलं नव्हतं.”

“अलीकडेच ना?”

“हो, बाबा.”

मग दोनदा भात मागून घेतला. मी सकाळी दिलेल्या गोळीचा गुण आला असावा. तीच चालू ठेवते.

सोमवार, १७ फेब्रुवारी



गोळ्यांचा ट्रे टाकून द्यायचा राहिला होता. खिडकीत उन्हाला पडला होता. आज पाहिलं तर वाळलेल्या गोळ्यांवर पिवळी पूड फुलली होती. फुलातल्या परागांसारखी. इतकी सुंदर! क्षणभर मला खरंच सुंदर वाटली, आणि मग मोरीतली ती बादली आठवली.

तपासणीच्या द्रवाचा थेंब टाकला. विष असेल तर तो जांभळा होतो. साच्यातल्या तुकड्यावर टाकला, रंग बदलला नाही. गोळ्यावर टाकला तर काळाजांभळा.

म्हणजे मिसळलंच गेलं नाही. चिकणमातीचे गोळे गिरमिटाच्या पात्याला चिकटून नुसते गरगर फिरले. बाहेरून सिमेंटचा लेप, आत जसंच्या तसं विष. आणि मी दीड महिना नेमकं तेच चाळणीवर उचलून बाजूला टाकत आले आणि उरलेल्या स्वच्छ चिखलाला शाबासकी देत आले.

नियमाप्रमाणे. सगळं नियमाप्रमाणे.

ट्रेवर वर्तमानपत्र झाकलं. कुणाला सांगितलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजही सांगितलं नाही. का, ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःला फसवता येणार नाही. हा ट्रे कचऱ्यात गेला असता तर कुणालाच कळलं नसतं, हा विचार मी आज चारदा केला. चौथ्यांदा तर ट्रे उचललाही होता.

बाबांच्या बोटांवर जुने खड्डे आहेत, गोल, मसुराएवढे. लहानपणी विचारलं की म्हणायचे, “उंदरानं कुरतडलं.” त्यांना कसलाच वास येत नाही. नाकाच्या आतला पडदा झिजून भोक पडलंय, श्वास घेतला की बारीक शीळ वाजते. त्या शिळेवरून आम्हा बहिणींना कळायचं, बाबा जिना चढताहेत.

धाकटीच्या वर्गात चौतीस मुलं आहेत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सांगितलं.

ट्रे साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी आधी कागद बाजूला सरकवले, मग ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, गोळे काढायचा नियम तुम्ही केलात?”

“नाही.”

“मी केला?”

“नाही.”

“मग आपण दोघं एवढे घामाघूम का झालोय?”

मी म्हणाले, “तिथे शाळा होणार आहे, म्हणून.”

त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही. वरून रोज एकच विचारणा येते, यंत्र कधी मोकळं होणार. शेवटी त्यांनी मामांना बोलावलं.

मामांनी एक गोळा हातात घेऊन फोडला, आत पाहिलं. त्यांचा चेहराच उतरला. “साहेब, तुम्ही दिवसाला बारा खांब मागितलेत. आठ असले तर मी लोणी काढतो. बारा असले की नुसतं पाणी हलवतो. त्या दिवशी थट्टेत बोललो होतो हो, डॉक्टरीणबाई. मला काय माहीत?”

“मला माहीत असायला हवं होतं,” मी म्हणाले.

उद्यापासून तीन जागी घट्ट झालेल्या खांबांतून गाभा काढून बघायचा. अख्खा सहा मीटर, वरपासून खालपर्यंत. काही न गाळता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दोन गाभे बरे निघाले. म्हणजे मधेमधे पिवळे ठिपके आहेत, पण दहाव्या ओळीपासून पुढचे खांब सावकाश पुन्हा मिसळले की निभेल. मामांनी लगेच सुरुवातही केली. दिवसाला आठ.

तिसरा गाभा टाकीच्या सगळ्यात जवळचा. चार मीटरच्या खाली तो सबंध पिवळा आहे आणि ओला. हे न मिसळल्याचं दुखणं नाही. हे हद्दीपलीकडून झिरपत येतंय. आम्ही पुन्हा मिसळलं तरी वर्ष-दोन वर्षांत ते आमच्या खांबांना वळसा घालून मैदानात येईल, आणि उतारावरच्या गल्लीतल्या विहिरींत जाईल.

“पण मागं काही नव्हतं!” साहेब म्हणाले आणि त्यांनी जुनी फाइल काढली. काम सुरू व्हायच्या आधी जुन्या कामगारांकडून माहिती लिहून घेतली होती. सातवा प्रश्न: आवाराच्या इतर भागात काही पुरलं, ओतलं किंवा साठवलं होतं का? तिघांची उत्तरं होती. तिन्हीकडे “काही नाही.”

त्यातला एक कागद माझ्या अक्षरात आहे. खाली बाबांची सही.

मीच तो घरी नेला होता. बाबांचा चष्मा दुरुस्तीला होता म्हणून मी वाचत गेले आणि ते सांगतील तसं लिहीत गेले. सातवा प्रश्न त्यांनी दोनदा वाचायला लावला होता. मला वाटलं, ऐकू कमी यायला लागलं की काय. कानाच्या डॉक्टरांची चौकशीसुद्धा केली होती मी.

साहेबांनी विचारलं, “हे तुमचं अक्षर आहे ना?”

“हो. ते माझे वडील.”

“मग एकदा नीट विचारा ना त्यांना.” इतकं सहज म्हणाले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

विचारलं. बाबा मोरीतला नळ पुसत होते.

“बाबा, टाकीच्या मागे काय आहे?”

“टाकीची पाठ.”

“थट्टा नको. खाली काही पुरलं होतं का?”

“लिहून दिलंय ना तुला?”

“मीच लिहिलं. तुम्ही सांगितलंत.”

“मग झालं तर.” थोड्या वेळानं, नळाकडेच बघत म्हणाले, “यंत्र कधी जाणार?”

“पुढच्या बुधवारी.”

मान हलवली. नळावर मला एकही डाग दिसत नव्हता, तरी ते घासतच होते. त्यांना वाईट वाटलं असावं, की मी त्यांच्या शब्दावर संशय घेतला. मला फार अपराधी वाटतंय. ऐंशीच्या घरातल्या माणसाला असं उभं करून जाब विचारणं बरं नव्हे.

शनिवार, १ मार्च

टाकीच्या मागे दोन दिवसांत पाच भोकं पाडली. काही नाही. जागा मोठी आहे, त्यात पाडलेल्या इमारतीचा राडारोडा. सुई कुठल्या गवताच्या गंजीत शोधायची तेच ठाऊक नाही.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, मी मंगळवार देतो. एक दिवस, एक जागा. खड्डा सापडला तर मामा तिथल्या तिथं मिसळतील. नाही सापडला तर बुधवारी यंत्र जाईल आणि तुम्ही हद्दीच्या आतला दाखला द्यायचा. आतलं तर चांगलं झालंय ना?”

“आणि बाहेरचं?”

“ते आपल्या कामात धरलेलंच नाही.”

घरी आले तर बाबा झोपले होते. फ्रिजमधून पाणी काढताना नकाशा खाली पडला. उचलला आणि खिडकीपाशी धरला. ओळी किती नीट भरल्यात त्यांनी, एकही रेष बाहेर नाही. अठरावी तेवढी कोरी. आणि टाकीच्या मागे पुठ्ठा झिजलाय. तिथं काहीतरी काढलंय आणि खोडलंय. पुन्हा काढलंय, पुन्हा खोडलंय. इतक्यांदा, की उजेडाला धरला तर तिथून आरपार दिसतं.

मी पुठ्ठा पुन्हा फ्रिजवर लावला.

मग ही वही मागं उलटून वाचली. सहा तारखेला मी लिहिलंय, बाबांना माझ्या कामात रस वाटतोय. बारा तारखेला लिहिलंय, गोळीचा गुण आला असावा. वाचताना मला हसू आलं आणि मग ते हसू थांबवता येईना. पदराचा बोळा तोंडात धरला, बाबा उठू नयेत म्हणून.

गोळे मी फक्त चाळणीवरूनच बाजूला टाकत नव्हते.

रविवार, २ मार्च

आज विचारायचं ठरवलं होतं. नाही विचारलं. पुठ्ठ्यावरच्या डागावरून जागा कळते का, ते मोजून पाहिलं. नाही कळत. नकाशा मी अंदाजे काढला होता. त्यावरचं बोटभर अंतर म्हणजे तिथे चाळीस पावलं होतात. खोडलेला डाग अंगठ्याएवढा. तेवढ्या जागेत आमच्यासारखी वीस भोकं पाडावी लागतील.

दुपारी बाबांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, कधी नव्हे ते. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात मालक स्वतः त्यांच्यापाशी येऊन बसला होता, म्हणे, शेजारी, बाकावर. “माझ्या बाजूला बसला. चहा पण आमच्यातलाच प्यायला,” बाबा म्हणाले. “असा कधी बसायचा नाही.”

“मग?”

“मग काही नाही. चांगला बसला होता.”

मी वाट पाहिली. नाकातली शीळ तेवढी वाजत राहिली.

सोमवार, ३ मार्च, सकाळ

बाबा अजून बाल्कनीत आहेत. चहा ठेवलाय. उकळेपर्यंत लिहिते.

ते नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. बावीस वर्षांत ते त्या रस्त्यानं गेलेले नाहीत. दवाखान्यात जायलासुद्धा बाजारावरून वळसा घालतात. मला इतकी वर्षं वाटायचं, जुन्या जागेच्या आठवणीनं त्यांचा जीव तुटतो. आता जागा दाखवायची म्हणजे लिहून दिलेलं खोटं होतं म्हणायचं. त्या कागदांवरच्या तीन सह्यांपैकी एक सही करणारा खालच्या गल्लीत राहतो. बाबांचा जुना सोबती. त्याच्या घरात विहिरीचं पाणी आहे. त्यालाही बोलावतील, विचारतील. आणि माझं अक्षर आहेच.

शिवाय ते माझे वडील आहेत. त्यांनी सांगितलेलं काम केलं, बोटं खाऊ दिली, नाक खाऊ दिलं, आईला ती बादली धुवायला लावली आणि आम्हाला मात्र तिच्या जवळ येऊ दिलं नाही. ती काठी का मोडली, ते मला आत्ता कळलं. तिच्या टोकाला लागलं होतं ना.

ते नाही म्हणाले तर मी दाखल्यावर सही करणार नाही. साहेबांना पुठ्ठा दाखवीन. सगळं थांबेल, शाळासुद्धा. बाबांना फाइलमधल्या त्या कागदासमोर बसवतील, कुणी परकं माणूस सातवा प्रश्न तिसऱ्यांदा वाचेल. हे मी त्यांना आधी सांगणार नाही. धमकी दिल्यासारखं होईल. आधी नुसतं विचारणार.

रात्रीपासून वाक्यं जुळवतेय. तोंडावर आलं की विसरेन म्हणून इथं लिहून ठेवते. चहा त्यांच्या हातात दिला की त्यांच्या बाजूला बसायचं नाही. मालक बसला होता. समोर उभं राहायचं आणि म्हणायचं:

बाबा, उद्या सकाळी माझ्याबरोबर याल? कुणाशी बोलायचं नाही, कशावर सही करायची नाही. गाडीतून उतरायलाही नको. मी टाकीच्या मागे नेऊन उभी करते, काच खाली करते. तुम्ही फक्त बोट दाखवा.